आठ माणसांचं एक कडवं

मास्तर सतराचा पाढा उदास चालीत म्हणवून घ्यायचे. एकोणीसचा त्याहून उदास. बाराचा मात्र उड्या मारत जायचा, कारण त्यांच्या मते बारा हा मोकळ्या मनाचा आकडा, कोणीही यावं आणि त्याला भागावं. आमच्या शाळेच्या मराठी विभागात चौथीच्या वर्गावरून जाणाऱ्याला आत गणित चाललंय की कोणाचं बरंवाईट झालंय हे चटकन कळत नसे. मी नवीन लागलो तेव्हा दोनदा घाबरून आत डोकावलो होतो.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांच्या नावाशी मी एकदा जे केलं त्यानंतर ते नाव माझ्या हातून कागदावर उतरणं बरं दिसत नाही. अख्खं बुऱ्हाणपूर त्यांना मास्तर म्हणायचं, मीही म्हणायचो. ते मात्र मला 'गुरुजी' म्हणत. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, कच्च्या नोकरीवरचा, त्यांच्या वयाच्या निम्म्याहून कमी. पण शिकवणारा तो गुरुजी, असं त्यांचं साधं गणित होतं.

राहायला लोधीपुऱ्यात. घरात ते आणि काकू. एकच मुलगी, ती लग्न होऊन खंडव्याला. अंगावर बंद गळ्याचा कोट, उन्हाळ्यातसुद्धा, आणि हातात छत्री, पावसाळ्यातसुद्धा मिटलेली. छत्री उघडली तर ताल कशानं धरायचा, हा त्यांचा प्रश्न. इतवाऱ्यात भाजी घ्यायला गेले की एखाद्या ओरडणाऱ्या बाईपाशी थांबत आणि तिला सांगत की बाई, तुझी मेथी चांगली आहे पण सूर खाली येऊ राहिला. बाई हसायची आणि एक जुडी जास्त द्यायची. मागाच्या कारखान्याबाहेर तर ते पंधरा-पंधरा मिनिटं उभे राहत. धोट्याचा खटका ऐकत छत्रीचं टोक जमिनीवर आपटत. आतला कामगार बाहेर येऊन विचारी, "क्या चाहिए चाचा?" मास्तर म्हणत, "कुछ नहीं. तुम चलाओ."

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर महिन्यातल्या एका रविवारच्या वीस मिनिटांसाठी.

मास्तर ख्रिस्ती होते. त्यांच्या चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. समोर एक लांब मेज, त्यावर पांढरं कापड, एका ताटात भाकरीचे तुकडे, प्याल्यात मनुका उकळून काढलेला रस. तो रस काकू करायच्या. मंडळीतली माणसं आठ-आठ करून पुढे जात, मेजापाशी गुडघे टेकत, पाद्रीसाहेब त्यांना भाकर देत, मग प्याला देत, आठ जण उठले की दुसरे आठ. हे चाललेलं असताना गायचं जे गाणं, ते मास्तरांचं. त्यांनी अशी अकरा गाणी केली होती. शब्द त्यांचे, चालीही त्यांच्याच. नाताळासाठी त्यांनी एकही केलं नाही. नाताळात माणूस तसाही खूश असतो, त्याला गाण्याची काय गरज, असं म्हणायचे.

आधी तिथे गोऱ्यांच्या चालींवर बसवलेली मराठी गाणी म्हणत. त्यांचा मास्तरांना मनापासून वैताग होता. शब्द ओढावा तिथे तुटायचा आणि तुटावा तिथे ओढला जायचा. "साहेबाचा बूट घालून आपली बाई पाणी भरू राहिली," म्हणायचे. शिवाय ती गाणी एक तर आधी संपत किंवा नंतर उरत. गाणं संपलं आणि सोळा माणसं अजून मेजापर्यंत पोचायची आहेत, की चर्चमध्ये खोकल्याचे आणि चपलांचे आवाज सुरू. मास्तरांना ते सहन होईना. त्यांनी घड्याळ लावून पाहिलं. आठ माणसांना भाकर आणि प्याला द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढं एक कडवं, बरोबर तेवढंच. बहात्तर माणसं तर नऊ कडवी. उपासना सुरू होताना ते दाराशी उभे राहून डोकी मोजत आणि मला बोटांनी आकडा दाखवत.

मला, म्हणजे पेटीवर बसलेल्या मला. मी आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचो. चर्चचा बाजा वाळवीनं खाल्ला तेव्हा मास्तरांनी शाळेत मला विचारलं, आणि मी गंमत म्हणून गेलो. आमच्या घरी थोडी कुरकुर झाली, वडील म्हणाले वाजवायला हरकत नाही, खाऊन येऊ नकोस. मग चार वर्षं मी महिन्याच्या महिन्याला जात राहिलो. मेज सुरू झालं की माझी नजर पट्ट्यांवर. ते काय आहे हे मी कधी नीट विचारलं नाही. माझ्या लेखी तो त्यांचा प्रसाद होता.

एकदा एका लग्नाची पाहुणेमंडळी अचानक प्रभुभोजनाला आली. एकदम बत्तीस माणसं जास्त. मास्तरांचा चेहरा पडला. चार कडवी कमी पडणार होती. नववं कडवं संपलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी छत्रीनं 'चालू' अशी खूण केली आणि डोळे मिटून बारा शिष्यांची नावं गायला सुरुवात केली. तीन-तीन नावांचं एक कडवं. शेवटच्या कडव्यात ज्यानं धन्याला पकडून दिलं त्याचंही नाव आलं, अगदी मानानं, समेवर. पाद्रीसाहेबांनी प्याला धरल्याधरल्या मान वर केली. नंतर त्यांनी विचारलंच, तेव्हा मास्तर म्हणाले, "तो पण होता ना साहेब मेजावर. त्याले कसं उठवता?"

आता त्या बाराव्या गाण्याचं सांगायला हवं. मी इतका वेळ पाढे आणि मेथी सांगत बसलो ते हेच टाळण्यासाठी.

अकरा गाणी झाली तरी मास्तरांच्या मनात एक गोष्ट सलत होती. कडवं सुरू व्हायचं ते आठ जणांनी गुडघे टेकल्यावर. पण बाकावरून उठून मेजापर्यंत चालत जायचं, तेवढा वेळ मुका. आणि मंडळीत सगळ्यांत आधी मेजावर जायचा मान सगळ्यांत वयस्क माणसाचा. ती होती डोईफोडिया गावाकडून पूर्वी कधी आलेली एक विधवा म्हातारी. तिचा एक पाय आखूड होता, काठी टेकत जायची. तिच्या मागे सात जण ताटकळत. मास्तरांच्या डोक्यात आलं की चालण्याचंही गाणं हवं, आणि ते तिच्या पावलाचं हवं.

त्यासाठी ते दोन वर्षं खपले. मधल्या वारी रिकाम्या चर्चमध्ये म्हातारीला बाकापासून मेजापर्यंत चालायला लावायचे. मी पुष्कळदा बरोबर असायचो. चार पावलं, मग काठी पुढे टेकायची, अंग तोलायचं, तेवढा थांबा, पुन्हा चार पावलं. ती वैतागून म्हणायची, "मास्तर, देवाच्या घरी मले कितींदा नेता आणि उपाशी परत आणता?" त्यातून जी चाल निघाली ती फार साधी होती. चार मात्रा जायची आणि थबकायची. त्या थबकण्यात पेटीही थांबवायची, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी पुष्कळ गाणं ऐकलंय, पण त्या रिकाम्या जागेत जसा जीव अडकायचा तसा कुठे अडकला नाही.

ही चाल तिघांनाच माहीत होती, मास्तर, काकू आणि मी. मेजावर पहिल्यांदा म्हटली जाईपर्यंत ती बाहेर काढायची नाही, असा त्यांचा नेम होता, सगळ्याच गाण्यांचा. मी एकदा शाळेत मधल्या सुट्टीत सहज गुणगुणलो, तर त्यांनी माझ्या तोंडापुढे हात धरला. "गुरुजी, तुमच्या घरी नैवेद्य दाखवल्याआधी कोणी चाखते का?" माझ्या आईनं मला सात वर्षांचा असताना त्यासाठीच फटका दिला होता. मला समजावून सांगायची गरजच नव्हती. मंडळीतल्या कोणाहीपेक्षा ते मला जास्त कळत होतं.

त्याच वर्षी प्रांतांची उलथापालथ झाली. वऱ्हाड-नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो, नव्या मोठ्या प्रांतात, जिथे सगळा कारभार हिंदीत. चार-पाच तुकडे जोडून एक राज्य झालं आणि त्या जोडात आमच्यासारखे लोक सापडले. मराठी विभाग हळूहळू बंद होणार, असं शाळेत बोललं जाऊ लागलं. पक्के शिक्षक हिंदी शाळेत जातील, कच्च्यांचं काय ते साहेब ठरवतील. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, बायकोला दिवस गेले होते. मास्तरांना काळजी नव्हती, ते वर्षाअखेर निवृत्तच होणार होते.

नवं राज्य झालं त्या दिवशी शाळांचा मिळून समारंभ होता. डिप्टीसाहेब, म्हणजे सगळ्या शाळांवरचे तपासनीस, मला बोलावून म्हणाले की मराठीवाल्यांनी एक हिंदी स्वागतगीत बसवावं, चाल नवी हवी, सिनेमाची चालणार नाही. "देखते हैं आप लोगों से हिंदी बनती है कि नहीं," असं हसून म्हणाले. ते हसणं मी दोन दिवस उराशी घेऊन फिरलो. शब्द जमले. नवी सुबह, नया प्रांत, मिलजुलकर, असे ते कोणालाही जमतात. चाल काही केल्या जमेना. पेटीवर बसलो की बोटं आपोआप तीच चार पावलं चालत आणि थबकत.

मास्तर गावात नव्हते. दसऱ्याला लेकीकडे गेले आणि तिथे कावीळ होऊन पडले. मी स्वतःला सांगितलं की नुसता आधार घेतो, नंतर बदलीन. बदलली नाही. आठ मुलींकडून ते गीत बसवून घेतलं. समारंभात ते इतकं रंगलं की पुन्हा म्हणायला लावलं. डिप्टीसाहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वो जो आप बीच में रुकते हैं न, बस वहीं बात बन जाती है." मग विचारलं, चाल किसकी है? मी म्हणालो, अपनी ही है, साहब. इतकं सहज म्हणालो की मलाच आश्चर्य वाटलं. आठवड्याभरात कळलं की हिंदी शाळेसाठी जी नावं वर गेली त्यात माझं होतं, आणि नावापुढे 'संगीत में निपुण' असा शेरा होता.

मास्तर दिवाळीची सुट्टी संपता संपता परतले, एका शुक्रवारी. शाळा सोमवारी उघडणार होती, आणि मधल्या रविवारी प्रभुभोजन. अंगावर अजून पिवळेपणा होता, पण म्हणाले, आता थांबायचं नाही, या रविवारी बारावं गाणं मेजावर. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी पेटी घेऊन बसलो. दोन्ही वेळा सांगणार होतो. शुक्रवारी काकूंनी चहा आणला म्हणून राहिलं. शनिवारी मास्तर इतके खुशीत होते की मध्येच उठून म्हातारीसारखे लंगडत खोलीत चालून दाखवत होते, म्हणून राहिलं. कारणं अशी नेहमी मिळतात. मी मनाशी हिशेब केला की स्वागतगीत हिंदी, हे मराठी, चर्चमधल्या भोळ्या माणसांच्या काय लक्षात येणार.

माझ्या आठ मुलींपैकी दोघी त्या मंडळीतल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते आठवू दिलं नाही.

रविवारी पाद्रीसाहेबांनी भाकर मोडली, म्हातारी काठी टेकत उठली, मास्तरांनी छत्री उचलली आणि मी सुरुवात केली. पहिलं कडवं मास्तर एकटे गायले. म्हातारीचं पाऊल आणि सूर असे जुळले की मी पेटी वाजवतोय हेच विसरलो. दुसऱ्या कडव्याला मंडळीनं साथ द्यायची होती. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून त्या दोन मुलींनी खड्या आवाजात सुरू केलं, नवी सुबह, नया प्रांत. त्यांची काही चूक नव्हती. त्यांना ते पाठ होतं, कौतुक झालं होतं, चाल ओळखीची आली, त्या गायल्या. दोन-चार पोरं हसली. बायका एकमेकींकडे वळल्या. समारंभाला गेलेले सगळेच चाल ओळखत होते. पाद्रीसाहेबांचा हात ताटावर थांबला. म्हातारी अर्ध्या वाटेत उभी राहिली, कारण गाणंच थांबलं होतं. मास्तरांनी आधी मुलींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी भाता धरून खाली मान घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंच बसले. मंडळीचे चार पंच आणि पाद्रीसाहेब. पाद्रीसाहेब नगरकडचे, मऊ बोलणारे, कोणाला दुखवायचं त्यांच्या मनात नसे. पंचांमधले एक जण डिप्टीसाहेबांच्या कचेरीत हेडक्लार्क होते. मला साक्षीला बोलावलं. प्रश्न एवढाच होता, की मास्तरांनी मंडळीला सांगितलं ही चाल मी प्रार्थना करून दोन वर्षांत बांधली, आणि ती तर सरकारी तमाशात वाजलेली निघाली. मग खरं काय?

मास्तर म्हणाले की त्या म्हातारीला चालवून पाहा, थांबा कुठून आला ते समजेल. पंचांपैकी कोणीतरी हसलं. काकू दाराशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या मी सांगते, तर हेडक्लार्क म्हणाले बाई, घरवाली तर बोलेलच. मग ते माझ्याकडे वळले.

"गुरुजी, तुम्ही बोला. साहेबांसमोर तर तुम्ही बोलले होते की चाल तुमची हाये. इथं काय बोलता?"

मी त्या खोलीत दोन तऱ्हांनी उभा होतो. एक मी मास्तरांच्या बाजूला उभा, म्हातारीबरोबर रिकाम्या चर्चमध्ये चाललेला. दुसरा मी कचेरीतल्या त्या यादीत, शेऱ्यासकट. मी म्हणालो, "चाल माझीच आहे. मास्तरांकडे बसून वाजवायचो मी. त्यांच्या कानात राहिली असेल. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही."

ते शेवटचं वाक्य मला तेव्हा मोठं उदार वाटलं होतं. आज सगळ्यांत जास्त लाज मला त्याचीच वाटते.

मास्तर रागावले नाहीत. पाढ्यात अडलेल्या पोराकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडा वेळ, आठवेल आता म्हणून. मग छत्री घेऊन उठले. पंचांनी ठरवलं की त्यांनी मंडळीसमोर चूक कबूल करावी, आणि तोवर मेजापासून दूर राहावं. त्यांची गाणीही तोवर बंद.

मला वाटलं, ठीक आहे, एक-दोन महिन्यांचा प्रश्न. भाकरीचा एक तुकडा आणि घोटभर मनुकांचं पाणी, नाही मिळालं तर काय बिघडलं, आमच्याकडे एखाद्याचा प्रसाद चुकतो तसं. खरंच असं वाटलं. चार वर्षं त्या मेजापासून दहा हातांवर बसून मला एवढंच समजलं होतं. कळलं ते पुढे, म्हातारीकडून. इतवाऱ्यात भेटली तेव्हा तिनं मला थांबवलं. म्हणाली की मास्तर दर प्रभुभोजनाला येतात, शेवटच्या बाकावर बसतात, सगळी मंडळी उठून पुढे जाते आणि ते एकटे बसून राहतात. पस्तीस वर्षांत एक मेज त्यांनी चुकवलं नव्हतं, मुलगा वारला त्या महिन्यातलंसुद्धा. त्यांना मुलगा होता हेही मला माहीत नव्हतं. "बाप घरात अन् लेकरू उंबऱ्याबाहेर, असं करून ठेवलं त्याहिचं," ती म्हणाली. कोणी केलं ते तिनं बोलून दाखवलं नाही. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिलो.

कबूल करून टाका की, मी एकदा त्यांना शाळेत म्हणालो. इतका निलाजरा झालो होतो. ते वह्या तपासत होते. "खोटं बोलून मेजावर कसा जाऊ, गुरुजी?" एवढंच म्हणाले आणि मला खडू मागितला. वर्षाअखेर ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी रजा टाकली. पेटीही मी सोडली होती, घरी बाळ आहे या सबबीवर. चर्चमध्ये पुन्हा जुन्या गोऱ्यांच्या चाली सुरू झाल्याचं कानावर आलं, आणि त्या पुन्हा आधी संपत होत्या.

पुढच्या पावसाळ्यात कावीळ उलटली. एका दुपारी काकूंचा निरोप आला की बोलावलंय. मी तोपर्यंत हिंदी शाळेत कायम होऊन चार महिने झाले होते. म्हणजे खरं बोलून माझी नोकरी जाणार नव्हती. जाणार होती ती फक्त अब्रू. हे मी आवर्जून लिहितो, कारण आतापर्यंत ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं त्यांना नोकरीचं कारण सांगून इथेच थांबलो आहे.

मास्तर खाटेवर होते, अंगाचं पार पाचट झालेलं. काकूंनी मला स्टूल दिलं आणि माझ्याकडे न पाहता आत गेल्या. मास्तरांनी सांगितलं की तीन वाजता पाद्रीसाहेब घरी भाकर आणि प्याला घेऊन येणार आहेत. शेवटचं विचारतील. आणि त्यांनी पडल्या पडल्या एक उपाय काढला होता. आवाज क्षीण होता, पण फळ्यावरचं अवघड उदाहरण सुटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"ती चाल मी तुम्हाले देऊन टाकतो, गुरुजी. दिली म्हणजे ती तुमची झाली. मंग साहेब विचारतील तर मी म्हणीन, चाल त्याहिची हाये. हे काही खोटं नाही होणार. बराबर ना?"

मी स्टूल खाटेजवळ सरकवलं.

"नुसतं दिलं म्हणून नाही होत. घेणाऱ्यानं घ्यायले लागते. हात पुढे करा."

मी हात पुढे केला. त्यांनी आपला तापलेला हात माझ्या तळव्यावर ठेवला आणि काढला.

"घेतली म्हणा."

नाही म्हणायचं होतं. मास्तर, ती तुमची आहे, साहेब आले की मी सांगतो, हे एवढंच म्हणायचं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, घड्याळात पावणेतीन वाजले होते, वेळ पुष्कळ होता. मी म्हणालो, "घेतली."

त्यांनी डोळे मिटले आणि हसले. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही उरलेलं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

पाद्रीसाहेब आले. काकूंनी माझ्याखालचंच स्टूल मागून घेऊन त्यावर धुतलेलं पांढरं कापड टाकलं. मी दाराजवळ उभा राहिलो. पाद्रीसाहेबांनी फार हळुवारपणे विचारलं. मास्तर म्हणाले, "चाल त्याहिची हाये." पाद्रीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग मी ओसरीवर गेलो. आतून पाद्रीसाहेबांचा वाचण्याचा आवाज येत होता. गाणं नव्हतं. मास्तरांनी भाकर खाल्ली असावी, कारण थोड्या वेळानं काकूंचं रडणं ऐकू आलं आणि मास्तरांचं त्यांना उगी उगी म्हणणं.

पाद्रीसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. सायकलीला पिशवी अडकवून ते माझ्याजवळ आले आणि माझे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले. काकू त्यांना पोचवायला दारापर्यंत आल्या होत्या.

"फार मोठं ओझं उतरलं बघा त्यांचं," ते म्हणाले. "तुमचेही उपकार आहेत. तुमची चीज घेतली गेली, तरी तुम्ही त्यांच्याविरुद्ध एक शब्द काढला नाहीत, उलट आज इथे आलात. असं मन आमच्यातही थोड्यांचंच असतं."

काकू माझ्याकडे पाहत होत्या, त्या दिवसात पहिल्यांदाच. आत मास्तर जागे होते आणि दार उघडं होतं.

मी म्हणालो, "मी त्यांना केव्हाच माफ केलंय."